आमच्या क्लबाचा फेरफार

आमचा क्लब बुडाला आणि पावणेदोनशे किलोमीटर जवळ आला.

हिशेब सोपा आहे. नांदेडहून पुणं साडेचारशे किलोमीटर, हैदराबाद पावणेतीनशे. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस एफसी पुणे सिटी हा क्लब संपला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्या रात्री भाच्याचा पुण्याहून फोन आला. भाचा लातूरचा, मी नांदेडचा. आवाज घरातलं कुणी गेल्यासारखा. समजूत घालायची म्हणून मी म्हटलं, अरे, बरंच झालं की. आता माझ्याकडं मुक्कामाला ये, सकाळी देवगिरीत बसलं की दुपारी सिकंदराबाद. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला कळत नाही." आणि फोन ठेवला.

मला खरंच कळत नव्हतं. फुटबॉल आमच्या घरात नव्हताच. नांदेड तसं हॉकीचं गाव. गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबशी रोटी-बेटीसारखा खेळाचाही व्यवहार, आणि गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाच्या सुवर्ण-रजत चषकासाठी देशभरातून हॉकीचे संघ इथे येतात. ते सामने पाहायला हातात लाल भोपळ्याच्या बिया घेऊन बसणारी एक पिढी अजून शाबूत आहे. लातुरात खेळाचा संबंध क्रीडागुणांशी. दहावी-बारावीच्या टक्केवारीत भर पडते म्हणून पोरं शालेय स्पर्धा खेळतात, सुब्रोतो चषकाच्या जिल्हा फेरीत धावतात आणि अकरावीत गेली की बूट माळ्यावर टाकून क्लासला जातात. लातूर पॅटर्नमध्ये मैदानाला तास नाही. दोन्ही शहरांतल्या क्रीडा संकुलांत पहाटे गेलात तर फुटबॉलपेक्षा पोलीस भरतीची सोळाशे मीटर धावणारी मुलं जास्त दिसतील. गोलपोस्ट असतात. त्यांना जाळी असेलच असं नाही.

एकाच वर्षी लातूरचं नाव देशभरच्या मैदानांशी जोडलं गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे आयपीएलचे उरलेले सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले, आणि पुण्याच्या क्रिकेट रसिकांनी आमच्या नावाने बोटं मोडली. असो.

अशा गावातल्या पोराला फुटबॉलचं वेड लागतं कुठून? टीव्हीतून. भाचा आठवीत असल्यापासून मँचेस्टर युनायटेडचा. मध्यरात्रीचे सामने पाहायला अभ्यासाचं निमित्त चांगलं होतं. लातुरात रात्री दीडला खोलीत दिवा जळताना दिसला तर कुणी संशय घेत नाही, उलट कौतुक होतं. त्या क्लबाच्या मालकांवरचा राग त्याने तिथूनच शिकून घेतला. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब विकत घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज चढवलं क्लबाच्याच डोक्यावर. म्हणजे म्हैस घ्यायला कर्ज काढायचं आणि हप्ता म्हशीने फेडायचा. चिडलेल्या काही पाठीराख्यांनी त्याच वर्षी वेगळा क्लब काढला, बाकीचे हिरवे-पिवळे मफलर घालून वर्षानुवर्षं मालकांच्या नावाने ओरडत राहिले. भाचाही ओरडायचा, लातूरच्या सिग्नल कॅम्पातल्या खोलीत. मालकाला ऐकू जाण्याची शक्यता मँचेस्टरच्या माणसाइतकीच.

२०१४ मध्ये तो इंजिनीअरिंगला पुण्यात गेला. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिल्यांदाच त्याला असा क्लब मिळाला जो टीव्हीत नव्हता, बसच्या टप्प्यात होता.

मराठवाड्यातली पोरं पुण्यात कशी राहतात हे वेगळं सांगायला नको. कॉटबेसिस, मेस, महिन्याच्या वीस तारखेनंतर वडापाव. पुणं त्यांना सामावून घेतं, पण आपलं म्हणत नाही. बोललं की विचारतात, कुठले तुम्ही? बालेवाडीच्या स्टेडियमच्या गॅलरीत कुणी विचारत नव्हतं. नारिंगी जर्सी घातली की लातूरचा, नांदेडचा, परभणीचा पोरगा तितकाच पुण्याचा व्हायचा. 'ऑरेंज आर्मी' नावाचा पाठीराख्यांचा गट तिथे ढोल घेऊन उभा असायचा. मी एकदा त्याच्यासोबत गेलो होतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल शहराच्या पार पश्चिम टोकाला. सामना संपला की परतीची बस मिळणं हाच दुसरा सामना. त्या रात्री आम्ही महामार्गावर तासभर उभे होतो. भाच्याला त्याचं काही नव्हतं. क्लब हरला होता, तरी तो पुढच्या सामन्याबद्दल बोलत होता.

'ऑरेंज आर्मी' हा गट पुणे सिटीच्या आधीचा आहे, आणि खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. पुण्यात २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. नट नाहीत, झगमगाट नाही. पहिल्यांदा दुसऱ्या विभागात खेळला, तिथून वर आला, २००९-१० ला आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय लीगमध्ये तिसरा, २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. डेरिक परेरा प्रशिक्षक होते. तरुण मुलांची अकादमी देशातल्या चांगल्यांपैकी. फुटबॉल कळणारी माणसं आजही सांगतात, महाराष्ट्रात क्लब कसा चालवावा याचा नमुना म्हणजे तो. २०१५ मध्ये तो बंद झाला. सुपर लीगमध्ये पैसा, टीव्ही आणि प्रेक्षक गेले. आय-लीगचा क्लब चालवून उद्योगपतीला काय मिळणार? अकादमी पुणे सिटीने घेतली. पाठीराखेही जवळजवळ सामानासोबत तिकडे गेले. आम्हाला कुणी विचारलं नाही, असं भाच्यापेक्षा वयाने मोठी मंडळी सांगतात, तेव्हा त्यांच्या आवाजात पहिल्या घटस्फोटाची कळ असते.

त्याच वर्षी पुण्यातला आणखी एक क्लब आला तसा गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी. एक हंगाम खेळला, शेवटचा आला, संपला. मग आले डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना क्लब, त्याच्या पाठीशी बांधकाम व्यावसायिक दी. स. कुलकर्णी उभे राहिले. थेट आय-लीगमध्ये प्रवेश, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी, सगळा थाट. दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये संघ बाहेर पडला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात कुलकर्णींना अटक झाली. त्या ठेवीदारांत निवृत्त शिक्षक होते, बँकेतले कारकून होते. फुटबॉलचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

पुणे सिटी राजेश वाधवान समूहाचा. हृतिक रोशन सहमालक, पुढे अर्जुन कपूरही. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता दावीद त्रेझेगे आणला. कारकीर्द उतरणीला लागलेली, पण पोस्टरवर नाव शोभत होतं. प्रशिक्षकांची नावं तर पाहा : फ्रांको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल आंजेल पोर्तुगाल, फिल ब्राऊन. पाच वर्षांत सहा, त्यात मधल्या काळात सांभाळायला प्रद्युम रेड्डी. यातला पोर्तुगाल २०१८ मध्ये तीन सामन्यांत घरी गेला. आमच्याकडे ग्रामसेवकाची बदलीसुद्धा याहून सावकाश होते.

तरी एक वर्ष चांगलं गेलं. २०१७-१८ ला पोपोविचच्या हाताखाली क्लब पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. बालेवाडीत बंगळूरूशी ०-०. भाचा सांगतो, त्या रात्री त्याला वाटलं होतं की आता हा क्लब टिकला. चार दिवसांनी बंगळूरूत सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल केले. पुढच्या वर्षी क्लब सातवा आला. त्या उन्हाळ्यात नवा खेळाडू आला नाही, तिकिटांची घोषणा झाली नाही, जर्सीचं नाव नाही. पोरं रोज मोबाइलवर शोधत होती. कंपनी गप्प. ऑगस्टच्या शेवटी हैदराबादच्या नव्या क्लबाची घोषणा झाली आणि त्या शांततेचा अर्थ लागला. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने वाधवानांच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त केलं, तेव्हा उरलेला अर्थही लागला.

पुण्याच्या दोन क्लबांमागे घरं बांधणाऱ्यांचा आणि घरांना कर्ज देणाऱ्यांचा पैसा होता. बाजार चढा असताना इमारतीच्या प्रवेशद्वारात कारंजं बसवतात, तसा त्यांनी क्लब बसवला. कारंज्याचं पाणी बंद झालं की रहिवासी कुरकुरतात, पण त्यासाठी कुणी घर सोडत नाही, आणि बांधणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

मुंबईचं वेगळं नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. एस्सेल समूहाने २००७ मध्ये मुंबई एफसी काढला. तो आय-लीग कधी जिंकला नाही, पण हटकून तगायचा, आणि तगवायचा तो खालिद जमील हा प्रशिक्षक. २०१६ मध्ये जमील बाहेर पडला. पुढच्या हंगामात त्याने मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या विभागात ढकलला गेला. मग कुलूप. 'यलो ब्रिगेड' म्हणवणारी पिवळ्या शर्टातली मंडळी कुठे पांगली कोण जाणे. जमील २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला. क्लब चुकीचा चालवला हे सिद्ध करायला पाठीराख्यांना याहून मोठा पुरावा मिळणार नव्हता. तो दाखवायला समोर क्लबच उरला नव्हता.

या सगळ्या काळात, २००९ ते २०२२, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदी महाराष्ट्राचेच प्रफुल्ल पटेल होते. या एका राज्यात त्या तेरा वर्षांत सहा क्लब बंद पडले. क्लब बंद पडण्याची कारणं प्रत्येक ठिकाणी निराळी होती हे मान्य. पण दरवेळी रडणारे तेच होते.

गावाकडे अर्धा एकर विकला तरी तलाठी फेरफाराची नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. भावकी त्या पंधरा दिवसांत काय काय करते ते आपण जाणतो. बालेवाडीच्या जागेचा फेरफार झाला तेव्हा पाच वर्षं तिकीट काढून उन्हापावसात ओरडणारा माणूस हितसंबंधित ठरला नाही. त्याचा राग खोटा नव्हता, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नव्हतं.

जिथे ते नाव असतं तिथे काय होतं? २०२० मध्ये कोलकात्यात १८८९ सालच्या मोहन बागानचा फुटबॉल संघ एटीके या सुपर लीगमधल्या क्लबाशी जोडला गेला आणि नावापुढे 'एटीके' हे तीन अक्षरांचं शेपूट लागलं. शेपूट नव्हे, खरं तर मुंडकं. ते पुढेच होतं. तीन वर्षं बागानच्या लोकांनी ते काढा म्हणून रान उठवलं. मार्च २०२३ मध्ये फातोर्ड्याला विजेतेपद मिळालं त्याच रात्री मालक संजीव गोयंका यांना मैदानावर उभं राहून नाव बदलल्याची घोषणा करावी लागली. तिथे सव्वाशेहून जास्त वर्षांचा क्लब होता, त्याचे सभासद होते, निवडणुका होत्या. केरळमध्ये 'मंजप्पडा' या गटाने डिसेंबर २०२४ मध्ये केरळ ब्लास्टर्स या क्लबाच्या व्यवस्थापनाविरुद्ध तिकिटंच न घेण्याची भूमिका घेतली. त्यांच्याकडे सभासदत्व नाही, पण संख्या आहे. रिकामी गॅलरी टीव्हीवर दिसते.

आणि अगदी आपल्यासारखंच प्रकरण इंग्लंडमध्ये घडलंय. विम्बल्डनचा क्लब नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत गावच्या सार्वजनिक मैदानावर निवड चाचणी घेतली, आलेल्या पोरांतून संघ केला आणि एएफसी विम्बल्डन नावाने नवव्या पायरीवरून सुरुवात केली. मालक कोण? पाठीराख्यांची संस्था, माणशी एक मत. २०११ ला ते व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या रस्त्यावर, प्लाऊ लेनला, नव्या मैदानात परतले. भाच्याला हे तोंडपाठ आहे. पुण्यात असं का झालं नाही, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "मामा, त्यांचं गाव होतं. आम्ही सगळे भाड्यानं राहत होतो."

सभासद म्हटलं की लातूर-नांदेडच्या वाचकाच्या चेहऱ्यावर हसू येईल, कारण आपण सगळे कुठल्या ना कुठल्या साखर कारखान्याचे सभासद. दिवाळीला सवलतीची साखर आणायला पोतं घेऊन जाणारे. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाचं पहिलं पान उलटण्याआधी "मंजूर, मंजूर" कसं होतं ते आपण पाहिलंय, कधी ओरडलोही आहोत. सहकाराचे कारखाने आजारी कसे पडतात आणि मग खासगी हातात किती स्वस्तात जातात हेही. तेव्हा सभासद झालं की क्लब सुधारतो असं मी कुणाला सांगणार नाही. बार्सिलोना सभासदांचाच क्लब आहे, आणि तो कर्जात बुडाला, मेस्सीला ठेवून घेता आलं नाही इतका. पण तिथे २०२० मध्ये वीस हजारांहून जास्त सभासदांनी अध्यक्षाविरुद्ध अविश्वास ठरावासाठी सह्या केल्या आणि मतदानाआधीच अध्यक्ष बार्तोमेऊ पायउतार झाला. "मंजूर" म्हणणाऱ्या माणसाला कधीतरी "नामंजूर" म्हणता येतं. प्रेक्षकाला फक्त चॅनेल बदलता येतं.

कोल्हापूरच्या पेठांत मालक नावाचा प्राणीच नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि संघ हरला की जाब विचारायला तालमीचा कट्टा आहे. तिथेही भांडणं आहेत, हुल्लडबाजी आहे, आणि ती लहान नाही. पण तिथला संघ उद्या सोलापूरला जाणार नाही.

हैदराबादचं मात्र राहिलं. आमच्या वडिलांच्या पिढीला हैदराबादचा फुटबॉल अजिबात परका नव्हता. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्याच राज्यात. प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला, तोही मुंबईत जाऊन. आणि याच रहीमसाहेबांनी भारताला १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवून दिली. नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत आहे. म्हणून मी भाच्याला म्हटलं होतं ते अगदीच येड्यासारखं नव्हतं. पहिल्या हंगामात हैदराबाद एफसी शेवटचा आला. मग मानोलो मार्केस नावाच्या प्रशिक्षकाने तरुण पोरं घेऊन संघ बांधला, आणि २० मार्च २०२२ ला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून हैदराबादने लीगचं अजिंक्यपद घेतलं. मी घरी टीव्हीवर पाहिलं. भाच्याला फोन केला नाही. कुणाच्या मोडलेल्या लग्नातली मुलगी दुसरीकडे सुखात आहे हे लगेच सांगायला जाऊ नये.

त्याची गरजही उरली नाही. दोन वर्षांत तिथेही तेच : पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नवे घ्यायला बंदी, आणि २०२३-२४ च्या हंगामात फक्त एक विजय, शेवटची जागा. 'डेक्कन लीजन' नावाने गॅलरीत उभी राहणारी हैदराबादची पोरं तेच म्हणू लागली जे पुण्याची म्हणत होती. २०२४ मध्ये बी. सी. जिंदाल समूहाने क्लब घेतला. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी रिलायन्सची कंपनी यांच्यातल्या कराराच्या घोळात सगळ्या लीगचाच हंगाम लटकला. आणि त्या ऑक्टोबरात हैदराबाद एफसीचं नाव बदललं. स्पोर्टिंग क्लब दिल्ली. गंमत अशी की दिल्लीचा आधीचा क्लब, दिल्ली डायनॅमोज, २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये भुवनेश्वरला गेला होता, ज्या ऑगस्टमध्ये पुण्याचा हैदराबादला आला.

यावेळी फोन मी केला. भाचा आता हिंजवडीत नोकरीला आहे. बालेवाडी त्याच्या खिडकीतून दिसत नाही, पण गाडीवर वीस मिनिटांत जाता येतं, जात नाही. जर्सी लातूरला आईकडे आहे. तिने ती धुऊन, घडी घालून, त्याच्या मुंजीच्या सोवळ्याशेजारी ठेवली आहे. मी त्याला बातमी सांगितली. त्याला आधीच माहीत होती. थोडा वेळ थांबून त्याने विचारलं, "मामा, दिल्ली किती लांब?"

नांदेडहून दिल्लीला थेट गाडी आहे. सचखंड एक्स्प्रेस सकाळी सुटते, वाटेत लंगर मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला पोचते.